अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाय-टेन्साइल सांगाड्यावर, तेही वेल्डिंगशिवाय – कुणी केलंय का?

कुपवाड_शीटमेटल

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं शीटमेटलचं युनिट आहे. कटिंग, बेंडिंग, स्पॉट आणि मिग वेल्डिंग, एवढाच पसारा. आजवरचं सगळं काम एमएस (साधं स्टील) आणि सीआरसी (थंड लाटलेलं स्टील) पत्र्याचं: ट्रॉलीचे फाळके, पॅनल बोर्डाचे डबे, अवजारांची गार्ड.

आता एका गिऱ्हाइकाने इलेक्ट्रिक तीनचाकी मालगाडीच्या मागच्या हौद्याचं काम विचारलंय. वजन कमी करायचंय, कारण हौद्यात वाचलेला प्रत्येक किलो त्यांना मालासाठी किंवा बॅटरीच्या पल्ल्यासाठी हवाय. सांगाडा ५९० एमपीए (मेगापास्कल) ताकदीच्या १.४ मिमी हाय-टेन्साइल पत्र्याचा, वाकवून केलेले चॅनल. त्यावर बाहेरून २ मिमी जाडीचा ५०५२ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. ड्रॉइंगवर जोडाच्या जागी फक्त ‘मेकॅनिकल जॉइंट, वेल्डिंग नको’ असं लिहिलंय. किती जोड, कुठल्या जातीचे, किती अंतरावर, काही नाही. विचारलं तर म्हणाले, तुम्हीच सुचवा.

साधे ४.८ मिमीचे पॉप रिव्हेट (एकाच बाजूने गनने ओढून बसवायचे) मारून द्यावेत का? की ते एसपीआर म्हणतात ते लागतं? त्याची मशीन आमच्यासारख्याला परवडेल का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

मिरजेचा_तंबोरा

दादा, एक भाबडा प्रश्न. आर्गॉन आहे, टिग आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या जोडणारे कसबी हात मिरजेत ढीगभर आहेत. मग वेल्डिंगवर एवढी फुली का?

(आमच्याकडे तारा जुळवून मिळतात, पत्रे नाहीत. पण धागा वाचतोय.)

अजिंक्यतारा

मूळचा साताऱ्याचा, सध्या चाकणला बॉडी शॉपमध्ये, म्हणजे गाडीची बॉडी जोडतात त्या विभागात. हाच विषय रोज समोर असतो, म्हणून लिहितो.

तंबोरेबुवा, तुमचे मिरजेचे कसबी लोक अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅल्युमिनियम जोडतात. इथे दुसरी बाजू स्टीलची आहे. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना पाणी होतं, स्टीलला १५०० च्या घरात जावं लागतं. म्हणजे स्टील नीट तापायच्या आधी अ‍ॅल्युमिनियम गळून खाली. तरीही कुणी जमवलंच, तर पातळ झालेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंड मिसळून सांध्यावर दोघांच्या संयुगाचा थर तयार होतो. तो कडक असतो आणि भयंकर ठिसूळ. थर काही मायक्रॉनचा असेपर्यंत निभावतं, जाड झाला की हातोडीच्या एका टोल्यात सुटतं. वर हाय-टेन्साइल पत्र्याची ताकद त्याच्या आतल्या मार्टेन्साइट नावाच्या कडक रचनेमुळे असते. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा पट्टा मऊ पडतो. महागाचा पत्रा आणायचा आणि जोडाशीच त्याला स्वस्त करून टाकायचं, असा प्रकार. गिऱ्हाइकाने ‘वेल्डिंग नको’ लिहिलंय ते योग्यच आहे.

आता एसपीआर. सेल्फ पिअर्सिंग रिव्हेट. यात आधी भोक पाडायचं नसतं. रिव्हेट म्हणजे कडक स्टीलची, डोकं भरीव आणि पाय पोकळ अशी छोटी नळी. गाड्यांच्या बॉडीत जास्त करून ५.३ मिमी व्यासाची, पातळ पत्र्यांना ३.३५ ची. दोन्ही पत्रे वरून दाबून धरायचे, पंचने रिव्हेट ढकलायची. ती वरचा पत्रा भोसकून जाते, खालच्या पत्र्यात शिरते आणि खालच्या डायच्या आकारामुळे तिचे पाय बाहेरच्या बाजूला फाकतात. खालचा पत्रा फुटत नाही, नुसता डायमध्ये उतरून मागे गोल टेंगूळ येतं. वरच्या पत्र्याची कापलेली चकती रिव्हेटच्या पोकळीत अडकून राहते, त्यामुळे बुरादा नाही, ठिणगी नाही, धूर नाही. एक रिव्हेट एक-दोन सेकंदांत बसते.

दाब मात्र जबरदस्त लागतो. आपल्या जाडीला ५० किलोन्यूटन धरा, म्हणजे पाच टन. म्हणून ती गन इंग्रजी सी आकाराच्या जाडजूड फ्रेमवर असते आणि फ्रेमचा खालचा जबडा पत्र्याच्या मागे जायलाच हवा. धागाकर्ते, तुमचं चॅनल उघडं आहे की पेटीसारखं बंद? सगळं त्यावर अवलंबून आहे.

कुपवाड_शीटमेटल

अजिंक्यतारा साहेब, आभारी आहे. खालचे दोन मुख्य चॅनल बंद पेटीचे, ४० बाय ६० चे. मधले उभे आणि आडवे सगळे उघडे, टोपीच्या आकाराचे, दोन्हीकडे कान असलेले. मागून हात जातो.

अजिंक्यतारा

मग दोन प्रकारचे जोड लागणार, हे आत्ताच मनाशी ठरवा. बंद पेटीत एसपीआर विसरा.

उघड्या चॅनलच्या कानांवर एसपीआर छान बसेल. पण कुठून मारायची ते ठरवा. सगळ्या बॉडी शॉपमध्ये पाठ असलेला नियम: कडकातून मऊत, पातळातून जाडात. आणि खालचा पत्रा एकूण जाडीच्या निदान तिसरा हिस्सा हवा. तुमच्याकडे १.४ आणि २ मिळून ३.४. स्टील वर ठेवून आतल्या बाजूने मारलीत तर दोन्ही अटी आपोआप पुऱ्या होतात. रिव्हेट १.४ चं स्टील भोसकते आणि २ मिमीच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये मोकळेपणाने फाकते.

अडचण दिसण्याची. मागचं टेंगूळ मग गाडीच्या बाहेरच्या अंगाला येणार, तेही ओळीने. गिऱ्हाइकाला ते नको असेल तर बाहेरून अ‍ॅल्युमिनियमवरून मारावी लागेल. मग डोकं बाहेर सपाट राहील पण पाय ५९० च्या स्टीलमध्ये फाकवावे लागतील. जमतं, मात्र जास्त कडक रिव्हेट, जास्त दाब आणि पकड कमी. माझं मत विचाराल तर मालगाडीच्या हौद्याला टेंगळं दिसली म्हणून काय बिघडतं? रंगाच्या आधी एक सॅम्पल करून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवा.

रिव्हेटगन

कुपवाड_शीटमेटल सर, आमच्याकडे बॅटरीवर चालणारी हातात धरायची एसपीआर गन उपलब्ध आहे. डेमो युनिटवर येऊन देऊ. बुकिंग लवकर केल्यास रिव्हेट आणि डायचा सुरुवातीचा सेट सोबत. विपूत (खासगी निरोपात) संपर्क करावा.

अजिंक्यतारा

डेमो जरूर घ्या, बुकिंग आत्ता नको. धागाकर्ते, हे मनावर घ्या: कुठला पत्रा वर, कुठला खाली, कुठली रिव्हेट, कुठली डाय, हे कापून बघितल्याशिवाय मशीनचा विषय काढू नका. मशीन फक्त दाब देते. जोड ठरतो रिव्हेटची लांबी, कडकपणा आणि डायची खोली यांच्यावर. पत्र्याची जाडी किंवा जात बदलली की ही जोडी पुन्हा ठरवावी लागते. आणि रिव्हेट किराणा मालासारखी पावशेर मिळत नाही, किमान ऑर्डर असते. चुकीच्या लांबीची खोकी कपाटात पडलेली मी भरपूर पाहिलीत.

मिरजेचा_तंबोरा

कापून बघायचं म्हणजे नेमकं काय हो? जोडलेलं परत कापायचं?

प्रा_विश्रामबाग

हो, बरोबर मधोमध. विद्यार्थ्यांकडून दरवर्षी करून घेतो, म्हणून तपशिलात लिहितो.

रिव्हेटच्या मध्यातून काप घेऊन तो घासून पॉलिश केला की तीन गोष्टी बघायच्या. पहिली, डोकं वरच्या पत्र्याशी सपाट बसलंय का. वर राहिलं तर दाब कमी पडलाय, फार आत गेलं तर जास्त. दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, रिव्हेटचा फाकलेला पाय खालच्या पत्र्यात आडवा किती शिरलाय. याला इंटरलॉक म्हणतात. जोड ओढला जाताना सुटू न देणारी पकड ती हीच. बऱ्याच ठिकाणी खालचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर निदान ०.४ मिमी आणि स्टीलचा असेल तर ०.२ मिमी इंटरलॉक मागतात. कारखान्यागणिक आकडा थोडा बदलतो. तिसरी, पायाच्या टोकाखाली खालचा पत्रा किती उरलाय. तो पार कागद झाला असेल, किंवा टेंगळावर केसासारखी चीर असेल, तर ते सॅम्पल नापास. डावा आणि उजवा पाय सारखा फाकला नसेल तर गन तिरकी धरली होती असं समजा.

बाहेरून हे काहीच दिसत नाही, ही खरी गोम. स्पॉट वेल्ड छिन्नी मारून तपासता येतो. एसपीआर बाहेरून अगदी छान दिसते आणि आत पाय फाकलेलाच नसतो. मोठ्या कारखान्यांत मशीन प्रत्येक रिव्हेटचा दाब आणि सरक यांचा आलेख नोंदवते आणि नमुन्याच्या आलेखापासून हलला की लाइन थांबते.

धागाकर्त्यांनी मशीन न घेता सुरुवात करावी, या मताचा मीही आहे. पाच टन दाब कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजच्या यूटीएमवर (ओढून-दाबून ताकद तपासायच्या मशीनवर) मिळतो. पंच, डाय आणि दाबून धरणारी बाही एवढं टर्नरकडून करून घेतलं की त्यावर ट्रायल होतात. वेग खऱ्या गनइतका नसतो, पण इंटरलॉक कळायला पुरेसं. मग त्याच यूटीएमवर ओढून बघायचं: एकदा पत्र्याच्या समांतर, एकदा अधिक चिन्हासारख्या पट्ट्या जोडून सरळ वर. दुसऱ्या परीक्षेत आकडा नेहमीच कमी येतो, आणि हौद्यात माल आतून बाहेर ढकलतो तेव्हा जोडावर नेमकी तीच ओढ येते.

कराडचा_डेंटर

सर, पत्र्याच्या जातीबद्दल विचारायचं होतं. ५०५२ च्या नावाखाली बाजारात काहीही मिळतं. ६०६१ पण बराच येतो. चालतो का?

प्रा_विश्रामबाग

६०६१ टी-६ (उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेल्या) अवस्थेतला असेल तर खालच्या बाजूला नको. तो ताकदीचा असतो पण ताणला जात नाही, डायमध्ये उतरताना टेंगळाला चिरा पडतात. ५०५२ एच-३२ त्या मानाने समजूतदार आहे. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे भाग तर त्याहून अवघड. खरेदीच्या वेळी टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि एक पट्टी हाताने काटकोनात वाकवून बघा. बाहेरच्या कडेला तडा दिसला की परत करा.

हळद_ते_बेदाणा

मी पत्र्यातला न्हाई, गाड्यातला. तासगाव भागात माझ्या पाच छोट्या गाड्या हायत. तुमी एवढं रिव्हेट-बिव्हेट बोलताय म्हणून सांगतो, हौद्यात काय भरतो आमी ते आधी बगा. एक दिस हळदीची पोती, दुसऱ्या दिशी पोटॅश आन युरिया. बेदाण्याच्या हंगामात डिपिंगचं, म्हंजे द्राक्षं वाळवायच्या आधी बुडवायचं द्रावण सांडलेले क्रेट. पावसात ताडपत्री असली तरी खाली पाणी साठतंच. माझ्या एका गाडीला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पॉप रिव्हेटनं मारल्याला. दोन पावसाळ्यात रिव्हेटच्या भवती पांढरी पूड जमली आन मग पत्रा खडखड वाजाय लागला. रिव्हेट तशीच हाय पण भोक मोठं झालंय. असं का हुतं?

धातूवाली

हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे. दादा, तुम्ही ‘पत्र्यातला नाही’ म्हणताय, पण निदान तुम्हीच केलंत.

मी वाईची, पुण्यात एका तपासणी प्रयोगशाळेत काम करते. पांढरी पूड म्हणजे अ‍ॅल्युमिनियम झिजून तयार झालेलं हायड्रॉक्साइड. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारट ओल, एवढं जमलं की बॅटरीचा सेल तयार होतो. त्यात अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजतं आणि स्टीलला वाचवतं. पोटॅश म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश, पोटॅशियम क्लोराइड. मिठाचाच भाऊ. क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमवरचा नैसर्गिक ऑक्साइडचा पापुद्रा फोडतं आणि खाली खड्डे पाडतं. बेदाण्याच्या डिपिंगमध्ये पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कली. अल्कलीत अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा सरळ विरघळतो, त्यासाठी स्टील शेजारी असण्याचीही गरज नाही. म्हणजे धागाकर्त्यांचा हौदा आपल्या भागात विकला जाणार असेल तर तो समुद्रकिनाऱ्यावरच्या गाडीइतकाच कठीण दिवस काढणार.

जोड ठरवताना एक गणित लक्षात ठेवा. झिजणारा धातू आकाराने मोठा आणि त्याला झिजवणारा छोटा असेल तर झीज पसरते, चालून जातं. उलट असेल तर वाट लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या भल्यामोठ्या पत्र्यात लेप दिलेली स्टीलची रिव्हेट सहन होते. स्टीलच्या चॅनलमध्ये अ‍ॅल्युमिनियमची बारकी रिव्हेट मारली की सगळी झीज त्या रिव्हेटवर. बाजारातल्या साध्या पॉप रिव्हेटचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि मधला खिळा स्टीलचा असतो. खिळ्याचं डोकं आत राहतं आणि तेच आतून गंजत बसतं. रिव्हेटखालून तपकिरी ओघळ दिसतो तो याचाच.

एसपीआरच्या रिव्हेटवर कारखान्यातूनच जस्ताचा किंवा जस्त-कथील-अ‍ॅल्युमिनियमचा लेप येतो. स्थानिक प्लेटिंगवाल्याकडून कडक रिव्हेटवर साधं इलेक्ट्रोप्लेटिंग करून घेऊ नका. त्या प्रक्रियेत हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि एवढ्या कडक स्टीलला तो आतून तडकवतो. बसवताना काही कळत नाही, नंतर केव्हातरी डोकं उडून येतं.

आणि दोन पत्र्यांच्या मध्ये चिकटद्रव्य लागतंच. इपॉक्सी म्हणा, सीलंट म्हणा. नुसत्या रिव्हेटवर हौदा सोडू नका.

कुपवाड_शीटमेटल

ताई, हे डोक्यात नव्हतं. गिऱ्हाइकाला ‘हौद्यात काय भरणार’ हा प्रश्न उद्याच विचारतो. चिकटवायचं म्हटलं तर आमच्याकडे भट्टी फक्त पावडर कोटिंगवाल्याची, १८०-२०० अंशांची. हौदा पूर्ण जोडून तिथे पाठवला तर कोटिंग आणि इपॉक्सी दोन्ही एकदम पिकेल ना? एक खेप वाचेल.

अजिंक्यतारा

मोठ्या कारखान्यांत तसंच करतात. इपॉक्सी कच्चं असतानाच रिव्हेट मारायच्या, रिव्हेट पत्रे धरून ठेवतात, आणि रंगाच्या भट्टीत इपॉक्सी पिकतं. पण तिथे त्या उष्णतेचा विचार करूनच बॉडी आखलेली असते. तुमच्या १.५ मीटरच्या सपाट पत्र्याचं काय होईल बघा. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं: स्टील दर अंशाला दशलक्षात १२, हे जवळपास २४. कुपवाडच्या ३० अंशांवरून भट्टीच्या १९० ला गेलात की दीड मीटरवर फरक पडतो जवळपास २.९ मिलिमीटर. रिव्हेटने दोन्ही टोकं पकडलेली, मग अ‍ॅल्युमिनियम जाणार कुठे? मध्ये पोट काढणार. इपॉक्सी त्याच अवस्थेत घट्ट झालं की गार झाल्यावर पत्रा पुन्हा सरळ होत नाही.

त्यापेक्षा सांगाडा वेगळा पावडर कोट करा, पत्रा वेगळा, मग दोन भागांचं, खोलीच्या तापमानाला पिकणारं चिकटद्रव्य लावून जोडा. स्टीलवर आधीच कोटिंग असल्यामुळे दोन धातू उघड्या अंगाने भेटतच नाहीत, हा वरचा फायदा. फक्त चिकटवायच्या पट्ट्यावरचं पावडर कोटिंग पक्कं बसलेलं हवं. तेच सुटलं तर चिकटद्रव्य काय करणार.

उन्हातही हे चालूच असतं, थोडक्या प्रमाणात. हिवाळ्यात पहाटे १५ आणि दुपारी पत्रा ५५ अंशांना गेला तर त्याच दीड मीटरवर ०.७ मिमीचा फरक. लांब पत्रा एकसंध ठेवण्यापेक्षा दोन तुकड्यांत करा, मधे सीलंट.

मिरजेचा_तंबोरा

म्हणजे जग्वारवाले पण हेच करतात? की आम्हाला सांगलीत बसून उगाच मोठी स्वप्नं?

अजिंक्यतारा

स्वप्न नाही, अगदी तेच. २००३ सालची जग्वार एक्सजे पूर्ण अ‍ॅल्युमिनियम बॉडीची होती, त्यात तीन हजारांवर एसपीआर आणि सोबत इपॉक्सी. २००८ साली ती कंपनी टाटांकडे आली, त्यामुळे हे ज्ञान आता परकं राहिलेलं नाही. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० ट्रकला अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आणि हाय-टेन्साइल स्टीलची चासी दिली आणि गाडी तीनशे किलोंच्या आसपास हलकी झाली. पण तिथे बॉडी आणि चासी एकमेकांना रबरी माउंट आणि बोल्टने जोडतात. दोन धातूंची गाठ जिथे टाळता येते तिथे मोठे लोकही टाळतात, हे त्यातून घेण्यासारखं.

आणि बुवा, सांगलीला मोठी स्वप्नं नवीन नाहीत. किर्लोस्करवाडी १९१० सालची आहे. साताऱ्याच्या माणसाला हे सांगावं लागतंय म्हणजे कमाल.

मिरजेचा_तंबोरा

मान्य. एक किलो भडंग तुमच्या नावाने. पेढे पाठवा.

कराडचा_डेंटर

आता आमच्या पोटापाण्याचा प्रश्न. हे हौदे ठोकले-आपटले की येणार आमच्याकडेच. एसपीआर काढायची कशी? आमच्याकडे स्पॉट कटर आहे, पण नवीन गाड्यांचे दाराजवळचे खांब कापताना त्याचे दात जागेवर जातात.

अजिंक्यतारा

ते खांब बोरॉन स्टीलचे. पत्रा ९०० अंशांच्या वर तापवून, पाण्याने थंड ठेवलेल्या डायमध्येच दाबतात आणि विझवतात. ताकद १५०० एमपीए. एसपीआर तिथे साध्यासुध्या रिव्हेटने शिरत नाही, पाय फाकायच्या आधीच चेपतात. धागाकर्त्यांच्या ५९० ला तो त्रास नाही. तुमच्या कटरबद्दल: कार्बाइडचा घ्या, आरपीएम एकदम कमी, दाब जास्त. वेगाने फिरवलात की धार जळते.

एसपीआर खालून पंचने उलटी ढकलून काढतात किंवा डोकं घासून पाय पाडतात. गॅस लावायचा नाही. त्याच जागी दुसरी एसपीआर मारायची नाही, तिथला पत्रा आधीच ताणला गेलेला असतो. भोक नीट करून मोठी स्ट्रक्चरल ब्लाइंड रिव्हेट (एकाच बाजूने बसणारी, जास्त ताकदीची) आणि इपॉक्सी, असा शिरस्ता आहे. किंवा शेजारी जागा असेल तर थोडं सरकून नवीन एसपीआर.

धातूवाली

डेंटरदादा, एक पथ्य. अ‍ॅल्युमिनियमला वापरायचे तारेचे ब्रश, ग्राइंडरच्या चकत्या, कानस, सगळं वेगळं ठेवा. स्टीलवर फिरवलेला ब्रश अ‍ॅल्युमिनियमवर फिरवला की लोखंडाचे कण त्यात रुततात, आणि पहिल्या पावसात पत्र्यावर गंजाचे ठिपके उठतात. लोक म्हणतात अ‍ॅल्युमिनियम गंजलं!

कुपवाड_शीटमेटल

बंद पेटीच्या दोन चॅनलचं राहिलं. तिथे काय?

अजिंक्यतारा

एका बाजूने होणारे दोन-तीन उपाय. फ्लो ड्रिल स्क्रू: टोकदार स्क्रू प्रचंड वेगाने फिरवत दाबतात, घर्षणाने धातू मऊ होऊन खाली बुशसारखा उतरतो, त्यातच आटे पडतात आणि शेवटी स्क्रू टॉर्कवर आवळला जातो. लोटस एलिसच्या चासीत चिकटद्रव्याच्या जोडीला असे स्क्रू आहेत. पण त्याची मशीन रोबोवर बसवायची. तुमच्या संख्येला कठीण.

तुमच्यासाठी स्ट्रक्चरल ब्लाइंड रिव्हेट, ६.४ मिमी, स्टीलचं अंग आणि लेप, खिळा आत लॉक होणारा. साध्या पॉप रिव्हेटचा खिळा तुटल्यावर आत पोकळी राहते आणि कापायला लागणारा जोर निम्म्यावर येतो, पाणी आत जातं ते वेगळंच. लॉक होणाऱ्यात खिळा कापाच्या पातळीतच राहतो, म्हणून तो जोरही घेतो. भोक दोन्ही पत्र्यांतून एकदम पाडा, मग पत्रे वेगळे करून बर (भोकाच्या कडेला उठलेली धारदार किनार) काढा, बुरादा फुंकून काढा, चिकटद्रव्य लावा आणि मगच रिव्हेट. पत्रे वेगळे करायचा कंटाळा करणारा कारागीर ओळखायचा असेल तर रिव्हेटशेजारी पत्र्यांच्या मधे नख घालून बघा. नख गेलं की आत बर आहे.

धातूवाली

एक पर्याय मांडून ठेवते. धागाकर्त्यांकडे स्पॉट मशीन आहे. उघड्या चॅनलच्या कानांवर अ‍ॅल्युमिनियमला भोक पाडून त्यात स्टीलची डोकेदार गुडदी बसवायची आणि स्पॉटने तिचं टोक खालच्या स्टीलला चिकटवायचं. वेल्ड स्टील ते स्टील होतो, अ‍ॅल्युमिनियम डोक्याखाली दाबून धरलं जातं. रेझिस्टन्स एलिमेंट वेल्डिंग म्हणतात. एसपीआरची मशीन न घेता होण्यासारखं आहे. मात्र त्या जागी सांगाड्यावर पावडर कोटिंग चालणार नाही, करंट जायला हवा. आणि ‘वेल्डिंग नको’ ही अट गिऱ्हाइकाने नेमकी कशासाठी घातलीय ते आधी विचारा.

रिव्हेटगन

सर, डेमो गुरुवारी जमेल का?

कुपवाड_शीटमेटल

गुरुवारी या, पण तुमच्या पत्र्यावर नाही, माझ्या पत्र्यावर. स्टील वर, अ‍ॅल्युमिनियम खाली, आणि तुमच्याकडच्या दोन वेगळ्या लांबीच्या रिव्हेट आणा. मारून झाल्या की तुमच्यासमोरच कापायला पाठवणार आहे.

बाकी मंडळींना: गिऱ्हाइकाशी बोलणं झालं. टेंगूळ बाहेर दिसलं तरी चालेल म्हणाले. गाड्या तासगाव-जत पट्ट्यातच जायच्या आहेत, म्हणजे पोटॅश, बेदाणा सगळं आलंच. ‘वेल्डिंग नको’ त्यांच्या ड्रॉइंगवाल्याने दुसऱ्या मॉडेलवरून उचललं होतं, कारण त्यालाही माहीत नाही. तरी गुडदीचं सॅम्पल करून ठेवतोय. ताई, कापलेले तुकडे तुमच्या लॅबला कसे पाठवू?

हळद_ते_बेदाणा

हौदा तयार झाला की पयली गाडी मला द्या. आन खाली पाणी निघाय चार भोकं ठेवा, ते कुनी बोललंच न्हाई.

प्रा_विश्रामबाग

बरोबर. आणि ती भोकं चॅनलच्या बंद पेटीवर येऊ देऊ नका, पाणी पेटीत शिरेल. भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट.

धातूवाली

तुकडे पाठवताना रिव्हेटच्या चारही बाजूंना निदान २० मिमी पत्रा राहू द्या. प्लाझ्माने किंवा कोरड्या ग्राइंडरने कापू नका, अ‍ॅल्युमिनियम तापून घसरतं आणि इंटरलॉक चुकीचा दिसतो. हॅक्सॉने सावकाश कापा, मधला काप आमच्याकडे पाणी सोडून घेऊ. प्रत्येक तुकड्यावर पर्मनंट मार्करने रिव्हेटची लांबी आणि डायचा नंबर लिहा. आणि स्टील कुठल्या बाजूला होतं तेही लिहा, नाहीतर पॉलिश केल्यावर विचारायला फोन येतो.

कराडचा_डेंटर

फोटो इथेच टाका. आम्हालाही बघायचंय.